मॉनिटर बंद ठेवणारे काका

सातिवलीच्या आमच्या गोदामात माल रवाना करणारे काका जन्मापासून आंधळे आहेत. संगणकातली बाई त्यांना स्क्रीन वाचून दाखवते, तीही इतक्या वेगाने की मला एक शब्द कळत नाही. मॉनिटर ते बंदच ठेवतात. "कोनाला दाखवायचा?" म्हणतात.

नवीन सॉफ्टवेअरची मदतीची पानं मी लिहिली. सगळ्या पायऱ्या चित्रांत, लाल बाणांसकट. काकांनी पानं ऐकली आणि टेबलावर दोनदा टकटक केली. चूक सापडली की ते हेच करतात.

"बाय, ही नुसती 'इमेज, इमेज' करते. दर वेळी कोनाला हाक मारायची, तर मी इथं कशाला?"

काका इथं कशाला, हे गोदामाचे साहेबही विचारू लागले होते.

मी आठवडाभर माझाही मॉनिटर बंद ठेवला आणि संगणकातल्या बाईचा वेग कमी करून, ऐकत ऐकत प्रत्येक पान शब्दांत लिहिलं: बटणाचं नाव काय, कोणती कळ दाबायची.

सोमवारी साहेब काकांच्या मागे उभे होते. काका अडले, त्यांनी मदतीचं पान उघडलं, ऐकलं आणि पुढे गेले. कोणालाही हाक न मारता अख्खा ट्रक रवाना झाला. काकांचं बोट टेबलाकडे गेलं. पण टकटक झाली नाही.

"साहेब," काका म्हणाले, "तुमचं काय अडलं तर मला हाक मारा."