चौसष्टपट पातळ करूनही

विरार पूर्वेला एका नर्सिंग होमच्या तळमजल्यावर लॅब होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी तिथे टेक्निशियन होते. रिपोर्टवर सही करणारे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, चहा घ्यायचे आणि कोऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्यावर सह्या ठोकून जायचे. मग आठवडाभर आम्ही त्या सहीच्या वर निकाल भरायचो. हे चूक आहे, हे मला कळत होतं. पण लॅब चंदनसारमधल्या माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, आणि आपलं काम बरं नि आपण बरं, हा माझा बाणा.

माझी थोरली बहीण चांदीप गावात शेतकऱ्याच्या घरी दिलेली. तिच्या आतड्याला पीळ पडला आणि आमच्याच नर्सिंग होममध्ये ऑपरेशन झालं. सर्जननी काळा पडलेला तुकडा कापून आतड्याची दोन टोकं शिवली. शिवण धरली तर माणूस वाचतं, गळली तर पोटात घाण पसरते. ते लवकर कळावं म्हणून त्यांनी दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी रक्तातलं सीआरपी तपासायला सांगितलं. अंगात कुठे सूज किंवा पू असला की हा पदार्थ रक्तात वाढतो. ऑपरेशननंतर तो सगळ्यांचाच वाढतो, पण चौथ्या दिवशी उतरायला लागलेला हवा.

आमच्याकडे त्याचं मशीन नव्हतं. रक्तावर सुटलेल्या पिवळ्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, त्यात किटमधला दुधी थेंब मिसळायचा आणि पट्टी हलवायची. दूध फाटल्यासारखे कण दिसले की पॉझिटिव्ह. किती वाढलंय हे बघायचं तर ते पाणी पातळ करत करत पुन्हा पुन्हा तपासायचं. त्यात किट लवकर संपतं म्हणून लॅबच्या मालकांची मनाई. आणि फॉर्मवर छापलेले शब्दही दोनच, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह. एकावर खूण करायची.

ताईचं रक्त मी स्वतः काढलं आणि मनाई मोडून पातळही करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सोळापटीपर्यंत कण दिसले. चौथ्या दिवशी चौसष्टपट पातळ केलं तरी फाटतच होतं. म्हणजे उतरायच्या ऐवजी चौपट वाढलं होतं.

फॉर्मच्या कडेला मी 'चौसष्ट' लिहायला घेतलं, तर मालक मागेच उभे. "खाली सही झालीय. तिच्यावर तुमची अक्कल नको. अर्थ लावायला वर सर्जन बसलेत." मी पॉझिटिव्हवर खूण केली.

फॉर्म घेऊन मीच वर गेले. सर्जननी दोन्ही रिपोर्ट शेजारी धरले. "परवा पॉझिटिव्ह, आजही पॉझिटिव्ह. ऑपरेशननंतर असतंच. उद्यापासून पेज द्या." ताईचं पोट फुगलं होतं. "गॅस असेल गं," ती मलाच समजावत म्हणाली. मी कॉटपासून दोन हातांवर उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. डॉक्टरांसमोर लॅबवाल्यांनी शहाणपण पाजळू नये, हे इतकं अंगात मुरलेलं की सख्ख्या बहिणीसाठीही तोंड उघडलं नाही.

सहाव्या दिवशी तिला धाप लागली, ताप चढला. मुंबईला हलवलं, पोट पुन्हा उघडलं. शिवण दोन-तीन दिवसांपूर्वीच गळायला लागली असणार, असं तिथले डॉक्टर म्हणाले. आठवड्याने ताई गेली.

मालकांना मी मनात अजून शिव्या घालते. सर्जनचाही राग येतो, पण त्यांच्या हातात निदान दोन सारखे कागद होते. मला चौसष्ट दिसलं होतं. हे मी कुणालाही सांगितलं नाही, भावोजींना तर नाहीच.

तेराव्याला चांदीपला पंगत बसली. मी वाढत होते. भावोजींनी मान वर केली. "तुज्या हातानं रगत काढलंस, तूच तपासलंस. आपलं मानूस तिथं होतं, म्हनून मी निचिंत होतो बघ."

"पोटभर जेवा, भावोजी," मी म्हणाले आणि त्यांच्या पानात भात वाढला.