केरबाचं चित्र बघायला

हंबीरराव वस्तादांनी ठरवलं की अख्ख्या तालमीनं चित्रांचं प्रदर्शन बघायला जायचं. शिवाजी पेठेत असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. कारण एकच. आमचा केरबा पैलवान माधव चित्रकारासमोर महिनाभर उभा राहिला होता आणि ते चित्र प्रदर्शनात लागलं होतं. "सरदार काढलाय मला, ढाल-तलवार घिऊन," असं केरबानं सगळ्यांना सांगितलं होतं.

तो धादांत खोटं बोलत होता. त्रेपन्न साली चित्रकारासमोर उभी राहायला कुठली बाई तयार व्हायची? आणि माधवला तर पाणवठ्यावरची बाई काढायची होती. रोज पावशेर बदामांच्या बोलीवर त्यानं केरबालाच नऊवारी नेसवली आणि कमरेवर घागर दिली. तोंड बदलीन, असा शब्दही दिला. मला हे ठाऊक, कारण माधव माझ्याच माडीवर भाड्यानं राहायचा. मी शाळामास्तर; गोष्ट पोटात ठेवणं मला जड जातं. पण केरबाचा पंजा मी पाहिला होता.

तर रविवारी आठ फेटेवाले, केरबाची बायको चिमणाबाई आणि पाट्या वाचायला मी, असे आम्ही निघालो. चित्राला घालायला हंबीररावांच्या हातात झेंडूचा हार. "एवढ्या उनात कशाला? चित्रं काय पळून जात्यात व्हय?" असं केरबा वाटेत तीनदा म्हणाला.

हॉलमध्ये मंडळी चित्रं बघू लागली ती आखाड्याच्या नजरेनं. भीमाचा पवित्रा कच्चा निघाला, अर्जुनाला खुराक कमी पडत होता. सरदार काही सापडेना. शेवटी केरबानं एका घोडेस्वाराकडं बोट दाखवलं. हंबीरराव बराच वेळ बघत राहिले.

"केरबा, ह्या पोटऱ्या तुज्या? लेका, ह्या बगळ्याच्या हायत."

तेवढ्यात पलीकडून कुणीतरी हाक मारली आणि सगळे 'पाणवठा' नावाच्या चित्रापुढं गोळा झाले. माधवनं शब्द पाळला होता. चेहरा नाजूक, मिशा गायब. पण कान मात्र त्यानं समोर दिसला तसाच काढला होता, कुस्त्या खेळून खेळून चेपलेला, पैलवानाचा.

"ही बाई कुस्ती खेळती," हंबीरराव गंभीरपणे म्हणाले.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मोडका कान म्हणजे तालमीत मोठा मान. हंबीररावांनी हार थेट त्या बाईच्या चित्राला चढवला. केरबा सुटला होता. गप्प बसला असता तर जन्मभर सुटला असता.

"गड्यांनो, दंड बघा," हंबीरराव पुढं म्हणाले. "आपला केरबा हिच्याफुडं दोन मिंटं टिकायचा न्हाय."

हे मात्र केरबाला सहन झालं नाही. "टिकायचा न्हाय म्हंजे? ती मीच हाय की."

सगळे त्याच्याकडं वळले. केरबानं मान खाली घातली आणि बदामांपासून नऊवारीपर्यंत सगळं सांगून टाकलं. आता याला तालीम बंद, असंच मला वाटलं, आणि खरं सांगतो, मला त्याची फार दया आली.

"घागर रिकामी व्हती का भरल्याली?" हंबीररावांनी विचारलं.

"भरल्याली."

"म्हैनाभर?"

"व्हय. रोज दोन तास."

हंबीररावांनी चित्रावरचा हार काढला आणि केरबाच्या गळ्यात घातला. त्यानंतर तालमीत त्याला कुणी हसलं नाही. चिमणाबाईंनी मात्र दुसऱ्या दिवसापासून पाणी भरणं सोडलं.