दुकानाच्या काचेवरची गच्ची

आमचे हे गच्च्यांची गळती काढतात. बाजारात सगळे यांना गळतीवाले म्हणतात आणि मला गळतीवालीण. सुरुवातीला मी भांडले, मग नाद सोडला. गुडघे शिडीला नको म्हणायला लागले तेव्हा यांनी ड्रोन घेतला. "म्हातारपणी खेळणं आणलंत," असं मी म्हटलं खरं, पण थोड्याच दिवसांत माझी बोलती बंद झाली. सकाळी एखाद्या गल्लीवरून ड्रोन फिरवायचा, भेग दिसली की फोटो छापायचा आणि थेट त्या घराची बेल वाजवायची, ही यांची पद्धत. आमची गच्ची तुम्ही बघितलीच कशी, असं कुणी विचारलं की हे म्हणत, "अहो, डॉक्टर पोटात बघतो तेव्हा रागावता का?" माणूस हसायचा आणि काम मिळायचं. त्यातले चांगले फोटो मोठे करून दुकानाच्या काचेवर लागायचे.

मग सरकारने ड्रोनचा गुन्ह्यांसाठी होणारा वापर रोखायला कायद्याचा मसुदा काढला. तुरुंगाच्या भिंतीवरून मोबाइल टाकणारे, घरफोडीआधी घरं हेरणारे, सगळे त्यात होते. तिथवर ठीक. पण एक कलम असं होतं की, न विचारता कुणाच्या राहत्या घराचं चित्रण केलं तर तोही गुन्हा. आमच्या धंद्यातले लोक खवळले. मसुद्यावर जनसुनावणी होती, तिथे बोलायला यांनाच पुढे केलं, कारण यांच्या जिभेला हाड नाही. मी भांडी घासायचे आणि हे मागे उभे राहून भाषणाची तालीम करायचे. "हा आमच्या पोटावर पाय आहे. आम्ही भेगा बघतो, माणसं बघत नाही." मलाही ते अगदी पटलं होतं.

सुनावणीच्या आधीच्या आठवड्यात दुकानात एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. काचेवरच्या एका फोटोसमोर बराच वेळ उभा होता, मग आत आला. आमचीही गच्ची अशीच गळते म्हणाला, या घराचं काम कसं टिकलंय ते बघून यावं म्हणतो. कौतुक केलं की आमचे हे विरघळतात. यांनी गल्ली सांगितली, वळण सांगितलं, जिना बाहेरूनच आहे हेसुद्धा सांगितलं. त्या फोटोत भेगेच्या पलीकडे कपडे वाळत घालणारी एक बाई होती आणि शेजारी तिची मुलगी. ड्रोनचा आवाज आला म्हणून दोघींनी वर बघितलं होतं, त्यामुळे चेहरे स्पष्ट होते. आम्ही तो फोटो रोज बघत होतो, पण भेगेसाठी.

दुसऱ्या दिवशी त्या घराच्या मालकीणबाई आल्या. फोटोतली बाई त्यांची भाडेकरू. नवऱ्याच्या माराला कंटाळून दुसऱ्या गावाहून पळून आलेली, कपडे शिवून पोट भरणारी. तिने पत्ता माहेरीसुद्धा दिला नव्हता. काल संध्याकाळी नवरा जिना चढून आला आणि दार तोडायला लागला. शेजारी धावले म्हणून निभावलं, पण पोलीस येईपर्यंत तो पसार झाला. आज सकाळी ती मुलीला घेऊन निघून गेली. कुठे, ते मालकीणबाईंनाही सांगितलं नाही.

"मशीन माझ्याकडेच टाकून गेली," त्या म्हणाल्या. "पोरीला आत्ता कुठे शाळेत मैत्रीण मिळाली होती. तुम्ही माझी गच्ची न विचारता बघितलीत, मी काही बोलले नाही. पण काचेवर लावताना तिला तरी विचारायचं होतं."

"मला काय माहीत," हे पुटपुटले.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "माहीत नसतं म्हणूनच विचारायचं असतं," मी त्या बाईंसमोरच म्हटलं.  यांनी उठून काचेवरचा तो फोटो नखांनी खरवडून काढला. मला यांची दया आली, पण राग काही गेला नाही.

सुनावणीचा हॉल भरला होता. आमचे लोक पुढच्या रांगेत टाळ्यांच्या तयारीत बसलेले. यांचा नंबर आला, हे उभे राहिले. भाषणाचा कागद खिशातच राहू दिला.

"मी न विचारता एका घराचा फोटो काढला," हे म्हणाले. "दुकानात लावला आणि मागणाऱ्याला पत्ता दिला. त्यामुळे एका बाईला पोरीला घेऊन पळावं लागलं. या कायद्यात मला काय शिक्षा आहे?"

पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. मंचावरच्या अधिकारी बाईंनी मसुद्याची पानं चाळली आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "काका, हा अजून कायदा झालेला नाही. झाला तरी तो पुढे होणाऱ्या गुन्ह्यांना लागू होईल. तुम्ही घाबरू नका, तुम्हाला काही होणार नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही," असं म्हणून त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

आमच्या लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पुढचा माणूस माइकपाशी येऊन थांबला, तरी हे जागचे हलेनात. शेवटी मी उठून गेले, हाताला धरलं आणि यांना खाली बसवलं.