देवी न्हाई, दुखनं हाय

माझं दुखनं मजी उजव्या डोळ्यामागं कुनी तापलेलं उलथनं खुपसून फिरवतंय, असं. दरसाल हरभऱ्याला घाटं धरलं की ते यायचं, रोज दुपारची भाकर खाऊन हात धुतला की. डोळा लाल, नाक गळतंय. लोकांचं डोकं दुखलं की ती फडकं बांधून निजत्यात. मला निजवतच न्हाई! मी अंगनात गरागरा फिरायची, लिंबाच्या बुंध्यावर डोकं आपटायची.

बायकांनी ठरवलं, हिच्या अंगात येतं. त्यात थोरली जाऊ सगळ्यात पुढं. दुपारी बायका नारळ घेऊन बसायच्या, एस्टीची वाट बघावी तशा.

एकीनं इचारलं, "आई, माझी म्हैस कुठं घावंल?"

मी हात उडवून वरडले, "निघ तिकडं, मेले!" ती हाताच्या दिशेनं गेली, तर वड्याच्या पान्यात म्हैस उभी! मग काय, पार खर्डा गावाहून बाया यायला लागल्या.

मी कळवळून सांगायची, "अगं, दुखतंय मला!"

जाऊ म्हनायची, "देवी अशीच परीक्षा बघती."

मार सोसलाय, दुष्काळ सोसलाय, त्याचं काय न्हाई. पन हिला दुखतंय, असं एकदा कुनी म्हनावं, एवढंच मनात हुतं.

औंदा नातीनं नगरला नेलं. जाऊबी संगं. मशिनीत डोकं घालून फोटो काढला. डॉक्टरीनबाई म्हनल्या, "आजी, फोटो चांगलाय. काही नाही त्यात."

माझं तोंडच पडलं. जाऊ फिसकन हसली, "देवीचा काय फोटो निघतो व्हय!"

"अहो, दुखणं खरं आहे," बाई म्हनल्या. "अशा पुष्कळ लोकांच्या मेंदूचे फोटो दुसऱ्यांच्या फोटोंशी ताडून बघितले, तेव्हा बारीक फरक दिसले. मेंदूत खोल शरीराचं घड्याळ असतं, तिथंसुद्धा. एकट्याच्या फोटोत ते कळत नाही. अजून शोध चालूच आहे. पण यात माणूस निजत नाही, येरझाऱ्याच घालतो."

पुष्कळ लोक! मला तर नाचावंसं वाटलं. "ती बी लिंबाला डोकं आपटत्यात?"

"भिंतीला."

बरुबर हाय. लिंब सगळ्यांकडं कुठनं असनार!

जाऊ हळूच म्हनली, "मंग म्हैस कशी घावली?"

"ते मला नाही सांगता येणार," बाई म्हनल्या.

घरी ऑक्सिजनची टाकी दिली. दुखलं की तिचा मास्क नाका-तोंडाला लावायचा, अन् जवळ दिवा-उदबत्ती आनायची न्हाई, भडका व्हईल. दुसऱ्या दुपारी दुखनं आलं. मी मास्क लावून, टाकीला मिठी मारून डुलतीय, तवर बायका आल्या, ताटात दिवा पेटवून.

जाऊ ताडकन उठली. "मागं सरा! इझवा तो दिवा! देवी-बिवी न्हाई इथं. दुखतंय तिला!"

डोळ्यातनं पानी चाललेलं, डोकं फुटतंय, अन् मला हसू आवरंना. सगळी टाकी खदखदा हालायला लागली.

जाऊ माझ्यावरच खेकसली, "हसतीस काय, धाकटे? आधी नीट दुखून घे!"