वर अठ्ठावीस, खाली वीस

सुरतेजवळचं कामरेज सोडून बारडोलीकडे निघालं की उसाच्या फडांमध्ये एक जलाशय लागतो. मोठ्या धरणाचं पाणी कालव्याने इथे येतं, साठतं आणि पुढे उसाला जातं. घाटाच्या वरच्या पायरीवर चिंधाकाकांची पिवळी प्लास्टिकची खुर्ची, एक हात मोडलेली. मागे लिंबाला टांगलेला काळा पत्रा आणि त्यावर खडूने लिहिलेला पाण्याच्या तापमानाचा आकडा.

"काका, आज किती?"

"वाचता येत नाही का? चोवीस. पोहा."

सकाळी सहाचं हे बोलणं ठरलेलं. जानेवारीत पत्र्यावर एकवीस, त्याखाली 'दहा मिनिटं, जास्त नाही'. मे महिन्यात एकतीस, 'ऊन चढायच्या आत बाहेर या'. पावसाळ्यात गढूळ लोंढा आला की आकडाच नाही, नुसतं 'घरी जा'. दिवाळीनंतर पाणी निवळलं की पुन्हा सव्वीस, आणि आम्ही पंधरा-वीस जण खांद्यावर टॉवेल टाकून हजर.

काका अमळनेरकडचे. आधीची दोन भावंडं गेली, म्हणून आईने देवाची नजर चुकवायला याचं नाव चिंधा ठेवलं. "सदुसष्ट झाली, देवाला अजून पत्ता नाही," असं ते डोळा मारून सांगतात. एकतीस वर्षं सुरतेच्या डाइंग मिलमध्ये कापड रंगवलं. पॉलिएस्टरला एकशे तीस डिग्री लागते. दोन डिग्री इकडेतिकडे झाली की रंगाची शेड बदलली, अख्खा लॉट परत. काकांचा लॉट परत आला नाही. निवृत्तीच्या दिवशी डाइंग मास्तरांनी त्यांना पितळी नळीतला थर्मामीटर दिला. जलाशयावर राखणदारी मिळाली, तेव्हा पहिल्याच सकाळी काकांनी तो पाण्यात धरला. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना स्वतःला पोहता येत नाही.

गेल्या मार्चमधला रविवार. पत्र्यावर सत्तावीस. योगेंद्र, इच्छापोरच्या एका कारखान्यात सुपरवायझर, सुरतेहून मोटरसायकलवर येणारा, जलाशयाच्या भिंतीवर चढून ओरडला, "सत्तावीस! मग काय, दूधच आहे!" आणि त्याने सूर मारला.

वर आला तो वेगळाच. तोंड उघडं, आवाज नाही. एक हात पाण्यावर आपटत होता, दुसरा पोटरी धरून. सरलाबाई, मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, वर्गात शिरावं तशा सरळ पाण्यात शिरल्या आणि त्याला काखेत धरून पायरीला आणलं.

योगेंद्र थरथरत होता. दात वाजायचे थांबल्यावर पहिलं वाक्य बोलला ते हसतच. "काका, खाली बर्फ आहे बर्फ! तुमच्या मिलमध्ये असंच कापड निघायचं का? वर एक शेड, खाली दुसरी?"

सगळे हसले. जीव वाचल्यावर माणसं हसतात तसे.

काका हसले नाहीत. उठले, पत्रा लिंबावरून काढला आणि राखणदाराच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवला.

"चिंधाभाऊ, अहो तो मस्करी करतोय," सरलाबाई म्हणाल्या.

"बाई, माझा लॉट परत आला."

योगेंद्र पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आणि पत्र्याशिवाय घाट म्हणजे काय ते आम्हाला कळलं. लोक पायाचा अंगठा बुडवून अंदाज घेऊ लागले. सरलाबाईंच्या पोहायला शिकणाऱ्या सहा बायकांपैकी चौघी यायच्या थांबल्या. "काकांनी लिहिलं असतं तर उतरलो असतो," म्हणाल्या. ते मी काकांना जाऊन सांगितलं, तर त्यांनी मान वळवली. "मी लिहिलं होतं, त्याचं काय झालं?"

गाठ सोडवली ती प्रमिलाबाईंनी. काकांची बायको. सकाळची भाकरी घेऊन आल्या होत्या. मी पायरीवर केस पुसत होते.

"कितला दिवस तोंड पाडी बसशात?" त्यांनी डबा आपटला.

"मिलमध्ये पाणी वर-खाली सारखंच असतं," काका म्हणाले. "इथे कसं वेगळं निघालं?"

"रोज सकाळे बादलीमा रॉड टाकतस ना तुम्ही? मंग आंग धोवाना पहिले तांब्याघाई पानी कसाले ढवळतस?"

काका डबा उघडायला लागले.

"बोला की!"

"वरचं पोळतं… खालचं गारच राहतं."

"मंग? हाई बादली कोन ढवळस?" प्रमिलाबाईंनी अख्ख्या जलाशयाकडे बोट केलं.

काका उभे राहिले. मिलच्या यंत्रात पंप पाणी सतत फिरवत ठेवतो, म्हणून कुठेही मोजा, आकडा तोच. एकतीस वर्षांत या माणसाने उभ्या पाण्यात थर्मामीटर घातलाच नव्हता. आणि त्या मार्चमध्ये उसासाठी कालव्याला पाणी सुटलं होतं. मोठ्या धरणाच्या तळातून आलेलं गार पाणी, उन्हाने तापलेल्या वरच्या पाण्याखाली गुपचूप जाऊन बसलेलं.

"भाकर?" प्रमिलाबाई म्हणाल्या.

"ठेव. तुझी दोरी कुठे आहे, धुण्याची?"

"आते मन्ही दोरीबी लागनी का!"

आठ दिवस काकांची खटपट चालली. काचेची जाड बाटली, तळाला दगड, तोंडाला बूच, बुचाला दुसरी दोरी. बाटली दोन पुरुष खोल सोडायची, मग बूच ओढायचं, बुडबुडे थांबले की भराभर वर घ्यायची आणि लगेच थर्मामीटर आत. दोन बाटल्या भिंतीवर आपटून फुटल्या. तिसरीला प्रमिलाबाईंनी गोधडीचा तुकडा शिवून दिला. "बाळंतिणीसारखी जपा," वर हेही.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी पत्रा लिंबावर परत आला. आता त्यावर तीन ओळी होत्या.

वर २८
कमरेला २६
दोन पुरुष खाली २०

आणि तळाला मोठ्या अक्षरांत: 'कालवा सुरू. सूर मारू नका.'

काका खुर्चीत बसले होते, पण खुर्चीवर नुसते टेकले होते. रस्त्याकडे बघत. योगेंद्रला सरलाबाईंनी फोन केला होता. तो येतो म्हणाला नव्हता, बघतो म्हणाला होता.

सव्वासहाला मोटरसायकल थांबली. योगेंद्र पत्र्यासमोर उभा राहिला. वाचलं. पुन्हा वाचलं. काकांकडे न बघता चपला काढल्या आणि भिंतीच्या बाजूला वळला. काकांचा हात खुर्चीच्या मोडक्या हातावर गेला आणि तिथे काही नव्हतं.

योगेंद्र भिंतीपाशी थांबला. मग वळून पायऱ्यांनी उतरला. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत. कमरेला पाणी लागलं तसा थांबला, पाठीवर पाणी मारून घेतलं, पोटऱ्या चोळल्या. हळूच पोहत पुढे गेला आणि पाय खाली सोडून बुडाला.

काका उभे.

डोकं वर आलं. "काका! खाली एकोणीस आहे!"

"वीस!" काका एवढ्या जोरात ओरडले की लिंबावरचे पोपट उडाले. "तुझ्या पायाला काय थर्मामीटर बांधलाय?"

"एकोणीस, शर्त लावा!"

"निघ बाहेर, बाटली दाखवतो तुला! वीस म्हणजे वीस!"

सरलाबाईंनी मागे वळून आपल्या सहाही बायकांकडे पाहिलं. "चला, उतरा. कमरेपर्यंतच. सव्वीस आहे."

त्या उतरल्या. काका अजून भांडत होते.