मीटरला वळसा घालणारं शिंग

आमच्या मामेसासऱ्यांइतका परवानगीचा भुकेला माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर त्यानं तसं असण्याआधी मामाजींना विचारायला हवं होतं. मामाजी म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, सेलूचे पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागचे मोर, तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांचे डोळे, गेली चाळीस वर्षं सगळं त्यांच्या हातचं. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा, पण 'इचारलं का?' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले की आपण कुणाच्या तरी विहिरीवरची मोटार उचलून आणलीय असं वाटायला लागतं.

मी सेलूला त्यांच्याच घरी मुलगी पाहायला गेलो तेव्हा मुलीच्या आधी मला त्यांनी पाहिलं. दाराशेजारी एक मोर काढलेला होता. पोहे यायला वेळ होता, म्हणून मी मोबाईल काढून त्याचा फोटो घेतला. झालं. मामाजी खुर्ची ओढून समोर बसले. "मोर कोनं काढला, मालूम हाय का?" मी म्हटलं, नाही. "मंग नेता कसे?" त्यांनी आतून दोनशे पानी वही आणली, मध्ये कार्बन घातला आणि लिहिलं, 'मोर एक, स्वतःच्या मोबाईलमध्ये ठेवण्याची परवानगी. पुढे कोणाला पाठवल्यास काढणाऱ्याचे नाव सोबत पाठवावे. फी काही नाही.' खाली माझी सही घेतली, वरचं पान फाडून मला दिलं. साखरपुडा पुढे दोन महिन्यांनी झाला, पण त्या घराशी माझा पहिला लेखी करार मोराचा आहे. फी नाहीच तर वही कशाला, असं मी नंतर धीर करून विचारलं होतं. "इचारून नेलं का न इचारता, थे कळावं म्हणून," एवढंच म्हणाले.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी सकाळी सकाळी गुलाबाचं चित्र टाकलं की मामाजींचा खाली प्रश्न येई, 'गुलाब कोणाचे आहे?' चुलत साडूंनी एकदा चिडून 'देवाचे आहे' असं उत्तर दिलं. मामाजींनी लिहिलं, 'फूल देवाचे, चित्र कोणाचे?' पंधरा दिवसांत त्या ग्रुपवर मामाजी, मी आणि ज्यांना बाहेर पडायचं बटण सापडत नाही अशा एक आत्याबाई, इतकेच उरलो. पण एक सांगतो, हा माणूस दुसऱ्यांना जो नियम लावायचा तोच आधी स्वतःला लावायचा. शेजारच्या काकूंच्या जास्वंदीवरून पाटीवर वेलबुट्टी काढायची तर काकूंना विचारून यायचे. गणेश मंडळाच्या पडद्यावर केळझरच्या गणपतीसारखा गणपती काढून द्या म्हटलं, तर हे सकाळची बस पकडून केळझरला गेले, नारळ फोडला, हात जोडून अर्धा तास उभे राहिले आणि परत आले. मामी म्हणाल्या, "काय म्हणे गणपती?" मामाजी चपला काढत म्हणाले, "'नाई' असं नाई म्हणाले."

तर अशा माणसाचे बैल चोरीला गेले.

बाजाराच्या रस्त्याला एक कृषी केंद्र आहे. त्याची पाटी रंगवायला मामाजींना बोलावलं होतं. काम फक्त अक्षरांचं. अक्षरं झाली, भिंत उरली, रंगही उरला, आणि मामाजींना राहवेना. त्यांनी आपल्या मनानं, एक पैसा न घेता, पोळ्याला सजवलेली बैलजोडी काढली. अंगावर झूल, शिंगांना लाल बेगड, टोकाला लाल गोंडे. फक्त एक अडचण होती. डाव्या बैलाचं शिंग जिथं जायला हवं तिथं नेमका विजेचा मीटर. दुसरा कुणी पेंटर असता तर त्यानं जोडी थोडी खाली सरकवली असती. आमच्या मामाजींनी बैल आधी काढला आणि मीटर नंतर पाहिला. मग काय करणार? शिंग मीटरपाशी आणून खाली वाकवलं, मीटरला वळसा घातला आणि पलीकडून पुन्हा वर काढलं. लांबून पाहिलं तर बैल मीटर उचलून चाललाय असं वाटायचं. मग खालच्या कोपऱ्यात, बोटभर उंचीच्या अक्षरांत, त्यांनी आपलं नाव लिहिलं. त्यांच्या चाळीस वर्षांच्या कामात नाव राहिलेली ही एकच भिंत. बाकी सगळीकडे दुकानदार म्हणायचे, पेंटर, आमच्या पाटीवर तुमचं नाव कायले, आणि यांना ते पुसावं लागायचं.

एका आठवडी बाजारात मामाजी वांगी घ्यायला गेले. वांगीवाली बाई एका चुंगडीवर बसली होती, म्हणजे सोयाबीनच्या बियाण्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या पोत्यावर. चुंगडीवर बैलजोडी छापलेली. मामाजी वाकून पाहू लागले. मग म्हणाले, "बाई, जरा उठता का? तुमी माह्या बैलावर बसल्या."

"काऊन जी भाऊ? चावते का बैल?"

बाई उठली. मामाजींनी पाहिलं. तीच झूल, तेच गोंडे, आणि डाव्या बैलाचं तेच शिंग. मीटर मात्र पुसून टाकलेला. शिंग अर्ध्यात खाली वाकलं होतं, रिकाम्या हवेला वळसा घालून पुन्हा वर गेलं होतं. कोपऱ्यातलं नावही नव्हतं. मामाजींनी वांगी घेतलीच नाहीत. चुंगडी घेतली, तिची घडी करून छातीशी धरली आणि बसायला बाईला आपला गमछा देऊन घरी आले. त्या दिवशी वांग्यांवाचून आणि गमछ्यावाचून आलेल्या मामाजींना मामी काय काय बोलल्या ते मी इथं लिहीत नाही, त्यांची परवानगी घेतलेली नाही.

मग सुरू झालं. वर्धेला एका वकिलांकडे मला सोबत घेऊन गेले. वकीलसाहेबांचा जन्म शेताच्या धुऱ्याबांधाची भांडणं लढण्यात गेलेला. त्यांनी चुंगडी पाहिली, चष्मा कपाळावर नेला आणि विचारलं, "पेंटर, या बैलाचा सातबारा आहे का?" मामाजी शांतपणे म्हणाले, "हाय ना जी. भितीवर हाय. खालच्या कोपऱ्यात." वकील मोठे सज्जन निघाले. आठ दिवस पुस्तकं चाळून त्यांनी स्वतः फोन केला. चित्र काढलं त्या क्षणापासून ते काढणाऱ्याचं, नोंदणी असो नसो. बैलांचे पैसे घेतले नाहीत ते बरं झालं, घेतले असते तर चित्र दुकानदाराचं ठरलं असतं. आणि चित्र विकलं तरी दोन गोष्टी चित्रकाराजवळ राहतात म्हणाले, एक त्याचं नाव आणि दुसरं म्हणजे चित्राची मोडतोड झाली तर भांडायचा हक्क. हे ऐकून मामाजी इतके खूश झाले की त्यांनी वकिलांची पाटी फुकट रंगवून दिली. नाव लिहायला वकिलांनी परवानगी दिली नाही, हा भाग वेगळा.

नोटीस गेली. महिनाभरानं बियाणे कंपनीचा एक साहेब गाडी घेऊन सेलूला आला. तरणा, गोड बोलणारा. त्यानं खिशातून चेक काढला आणि सोबत एक कागद. मामींनी चेकवरचा आकडा पाहिला आणि चहात दुसऱ्यांदा साखर घातली. घराचं छप्पर दोन पावसाळे गळत होतं. मी कागद वाचून दाखवला. सदर चित्राचे सर्व हक्क कायमस्वरूपी, जगभर, आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांत.

"थांबा," मामाजी म्हणाले. "जगभर? मी सोता नागपूरच्या पल्याड गेलो नाई, अन माहे बैल तुमी जगभर नेता? अन जे अजून निघालंच नाई त्यात आतापासून बांधून ठेवता?"

"काका, वो सिर्फ लिखने का होता है," साहेब म्हणाला. "आणि बैल म्हणजे काय, सगळे सारखेच दिसतात."

"मंग दुसऱ्या कोणाचे घ्या ना."

मामाजी उठले, चुंगडी आणि वही काखेत मारली आणि साहेबाला चालत कृषी केंद्रापर्यंत नेलं. मागे मी, माझ्या मागे निम्मा बाजार. भिंतीसमोर उभं राहून मामाजींनी मीटरवर बोट ठेवलं. "हे शिंग याले वळसा घालून राह्यलं. बरोबर? आता तुमच्या चुंगडीवरचं शिंग कोणाले वळसा घालून राह्यलं, थे सांगा." मामाजींनी मग वही काढली आणि आपल्या अटी वाचल्या. एका हंगामाची परवानगी, फी काही नाही. चुंगडीवर चित्रकाराचं नाव, वाचता येईल असं. आणि तिसरी अट, "एक तर शिंग सरळ करा, ते मी काढून देतो, नाई तर मीटर परत लावा. आंधळ्यासारखा बैल नोका छापू माहा."

साहेब म्हणाला, नाव छापायची पद्धत नाही. पैसे वाढवून देतो, नावाचं सोडा. मी मामाजींना बाजूला घेतलं. खरं सांगतो, मलाही त्या वेळी त्यांचा राग आला होता. म्हटलं, मामाजी, छप्पर आठवा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जवाई, चाळीस वर्सं दुसऱ्याचं नाव लिवून राह्यलो मी. किराणावाल्याचं, डॉक्टरचं, मेलेल्या माणसाच्या समाधीच्या ओट्यावरचं बी. या सेलूत कोणाचं नाव मी लिवलं नाई? मले माह्यं एक पाह्यजे." एवढं बोलून ते परत गेले आणि त्यांनी साहेबाच्या हातातला चेक त्याच्या खिशात आपल्या हातानं घातला.

पुढच्या हंगामात चुंगडीवर ट्रॅक्टरचा फोटो आला. बैल गेले, चेक गेला, नावही गेलं. मामी म्हणाल्या, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागले, आणि तीन दिवस बोलल्या नाहीत. मामाजी ओल्या भिंतीला बादली लावत म्हणाले, "चोरी तर थांबली."

त्यानंतर वर्षभरानं कृषी केंद्राचा मालक घरी आला. मी तिथंच होतो. हातात टोपी घेऊन दारात उभा राहिला. "मामा, रंगाचे पोपडे निघून राह्यले. त्या भितीवर फ्लेक्स लावा म्हणतो. तुमचे बैल झाकतीन. लावू का?"

मामींनी हातातलं सूप खाली ठेवलं. आयुष्यभर ज्या एका प्रश्नासाठी या माणसानं जगाशी वैर घेतलं, तो प्रश्न कुणी आपण होऊन पहिल्यांदा विचारला होता, आणि तोही बैल झाकायला. मला वाटलं आता मामाजी भडकतात. त्यांनी चष्मा लावला, वही घेतली, कार्बन सरळ केला. 'बैलजोडी एक, झाकण्याची परवानगी. फी काही नाही.' मालक गेल्यावर म्हणाले, "इचारलं ना थ्यानं. नाई कसं म्हणू?"

फ्लेक्स लागला. मालक भला माणूस, त्यानं फ्लेक्स चार बोटं वर घेतला आणि मामाजींचं नाव खाली मोकळं ठेवलं. त्या रविवारी आम्ही बाजारात गेलो तेव्हा मामाजी तिथं थबकले. वर कुठल्याशा संगणकावर केलेलं हिरवंगार शेत, खाली त्यांचं नाव. मी म्हटलं, पाहा, नाव राहिलं. ते घरी गेले, टर्पेंटाइनची बाटली आणि चिंधी घेऊन आले, आणि भिंतीपाशी उकिडवे बसले.

मालक धावत आला. "मामा, मी मुद्दाम ठेवलं तुमचं नाव."

"हा फ्लेक्स कोनं केला, नाव मालूम हाय का तुले?"

"नाई जी."

"मंग त्याच्या कामाखाली माह्यं काऊन?"

आणि ज्या नावासाठी त्यांनी छप्पर गळू दिलं, ते त्यांनी आपल्या हातानं पुसलं. एकेक अक्षर, शेवटच्यापासून पहिल्याकडे. मी बाटली धरून उभा होतो आणि मला रडू येत होतं, हे सांगायला मला लाज नाही.

आता मामाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ब्रश सुटलाय. हे लिहायला बसण्याआधी मी रीतसर सेलूला जाऊन विचारलं, मामाजी, तुमच्यावर लिहू का? म्हणाले, वही आणा. वही मी आणली, लिहिलंही मीच, ते सांगत गेले. अट एकच घातली, त्यांचं नाव घालायचं नाही. मी म्हटलं, मामाजी, निदान इथं तरी तुमचं नाव येऊ द्या, मोठ्या अक्षरांत छापून आणतो. त्यांनी मान हलवली. "लिवलं तुमी. मंग नाव तुमचं. पद्धत हाय थे."

म्हणून वर कुठंही त्यांचं नाव नाही. सेलूला गेलात तर कृषी केंद्राच्या फ्लेक्सला मीटरसाठी कापलेली चौकट दिसेल. तिच्या कडेला, नीट पाहिलं तर, लाल रंगाचा एक वाकडा पट्टा दिसतो. ते शिंग आहे. कुणाचं, ते बाजारात कुणालाही विचारा. विचारा मात्र.