न्यूयॉर्कला पाच वाजेपर्यंत

देवीवर माझा विश्वास होता, स्वतःवर नव्हता. एकादशीला साबुदाण्याची खिचडी दोनदा मागून घेऊन वर भगरीची चौकशी करणारा मी माणूस. पण सत्तर सालानंतरच्या एका हिवाळ्यात आमची सुमन, नवं लग्न झालेली, एकटीच विमानानं न्यूयॉर्कला नवऱ्याकडे निघाली. मुंबईपासून साडेबारा हजार किलोमीटर! आमची धाव फार तर गगनबावड्यापर्यंत. कोल्हापूरच्या एस.टी. स्टँडवर तिला निरोप देताना मी सगळ्यांदेखत हात उंचावून गरजलो, "आई अंबाबाई, पोरीचं विमान उडाल्यापासून उतरेपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही!" सुमन रडता रडता हसली. बायको पुटपुटली, "आईला तरी खरं वाटंल का?"

खरं सांगतो, गणित करूनच गरजलो होतो. तिकिटावर मुंबई पहाटे पाच आणि न्यूयॉर्क संध्याकाळी पाच, तारीख तीच. म्हणजे बारा तास. त्यातले निम्मे तर झोपूनच काढले.

संध्याकाळी दर्शन घेऊन देवळाशेजारच्या हॉटेलात बसलो. समोर गरम भजी, चहा. पाचचा ठोका पडताच मी कप उचलून जाहीर केलं, "मंडळी, तिकिटावरचे पाच वाजले, माझी लेक न्यूयॉर्कला उतरली, नवस फिटला!"

"न्हाय पावणं, अजून हवेतच हाय की," शेजारच्या बाकावरून आवाज आला. पेठ वडगावचे एक म्हातारे चाचा, घड्याळं दुरुस्त करणारे. त्यांच्या मनगटावर दोन घड्याळं होती. "हे आपलं. आन् हे तिकडचं, पोरगा माझा तिथंच नोकरीला हाय. तिकडं आत्ता सकाळचं साडेसहा. पाच वाजायला अजून साडेधा तास."

"चाचा, एक घोट होईपर्यंत तरी थांबायचं!" मी कळवळलो.

"आता थांबायचं तुम्ही. भजी मी खातो," म्हणाले आणि खरंच खाल्ली.

मी चहाकडे पाहिलं, मग देवळाच्या शिखराकडे. गर्जना माझी होती, ती निभावण्याचं बळ माझ्यात नव्हतं. "आता तूच बघ," एवढंच मनात म्हणालो आणि कप खाली ठेवला. घरापर्यंत चालत गेलो. नवल असं, की त्यानंतर तहानच लागली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तार आली, सुखरूप पोचल्याची. बायकोनं पाण्याचा तांब्या माझ्या ओठाला लावला.

पंधरा दिवसांनी सुमनचं पत्र आलं. 'लंडन सोडल्यावर विमान असं आदळायला लागलं की शेजारची बाई किंचाळली. मी डोळे मिटले आणि म्हटलं, बाबांनी अजून पाणी घेतलेलं नाही, मला काही होत नाही.'

तिनं लंडन सोडलं तेव्हा इथं रात्र झाली होती. माझी भजी केव्हाच पचली असती!

पत्र घेऊन तडक वडगाव गाठलं आणि चाचांना पेढे दिले. मी आईला माझ्या घड्याळात बसवायला निघालो होतो. तिनं न रागावता, दोन घड्याळांचा एक हात पुढे केला. तेव्हापासून नवस बोलताना मी तास मोजत नाही. चाचांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "भजी न्हाय आणली व्हय?"